सतत थकवा, अंगात त्राण नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दवाखान्यात, आशाताईंना आणि नात्यातल्या एखाद्या डॉक्टरला फोनवर नेहमी विचारले जातात. उत्तरं मोठ्या माणसांपुरती आहेत. लहान मुलांचा थकवा हा वेगळा विषय आहे.

थकवा किती दिवस राहिला तर डॉक्टरांकडे जावं?

ताप येऊन गेला, लग्नघरात चार रात्री जागरण झालं, तर आठवडाभर अंग जड राहणं साहजिक आहे. पण झोप आणि जेवण नीट होऊनही दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल, तर कारण शोधायला हवं. थकव्यासोबत आपोआप वजन उतरत असेल, बारीक ताप येत असेल किंवा कुठूनही रक्त जात असेल, तर तेवढंही थांबू नका.

अंगावर काढायची सवय आपल्याकडे फार. रक्त हळूहळू कमी होत गेलं तर शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि माणूसही. "आता वय झालं" म्हणत पंचेचाळिशीतली बाई जे सोसत असते, त्यामागे बरेचदा 8 वर आलेलं हिमोग्लोबिन निघतं.

डॉक्टर विचारतात, "थकवा म्हणजे नेमकं काय होतं?" काय सांगायचं?

हा प्रश्न टाळू नका, अर्धं निदान त्यातच असतं. एक मजला चढल्यावर धाप लागत असेल तर डॉक्टर आधी रक्त, हृदय आणि फुप्फुसांकडे बघतील. बसल्या जागी डुलकी लागत असेल तर झोप आणि चालू औषधांकडे. उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येत असतील, तर तो स्नायूंचा अशक्तपणा; तिथे ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासतात. आणि ताकद असूनही काही करावंसंच वाटत नसेल, तर मनाची विचारपूस करायला हवी. या चारही गोष्टींना आपण एकाच दमात "थकवा येतो" म्हणतो.

सुरुवातीला कोणत्या तपासण्या पुरेशा असतात?

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताची तपासणी आणि साधी लघवीची तपासणी. लक्षणं बघून त्यात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-12 जीवनसत्त्वाची भर पडते. बहुतेकांना एवढ्यानं दिशा मिळते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशांसाठी थांबू नका.

हिमोग्लोबिन 9 आहे. रोज गूळ, खजूर, बीट खाते, तरी वाढत का नाही?

कारण 9 पर्यंत उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही. बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त वाढत नाही. गुळात लोह असतं, पण आपण खातो त्या खड्याएवढ्या गुळात ते किती येणार? हळीव, पालेभाज्या, कडधान्यं, लोखंडी कढई हे सगळं चांगलं आहे आणि चालू ठेवावं. पण ते रक्त टिकवण्यासाठी. झालेली तूट गोळ्यांनीच भरावी लागते, आणि काही जणांना शिरेतून लोह द्यावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार बायकांमध्ये 12 च्या खाली, गरोदरपणात 11 च्या खाली आणि पुरुषांमध्ये 13 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका या रेषेखाली होत्या. म्हणजे रस्त्यात भेटणारी दर दुसरी बाई. इतकं सर्रास आहे म्हणूनच ते आपल्याला आजार वाटेनासं झालं आहे.

खाण्याबाबत एकच बदल करायचा असेल तर चहाचा करा. जेवणासोबत किंवा जेवण होताच घेतलेला चहा अन्नातलं लोह मोठ्या प्रमाणात अडवतो. तास-दीड तास अंतर ठेवा आणि ताटात लिंबाची फोड ठेवा. क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, संडास काळी होते. बंद करू का?

काळी संडास हा लोहाचाच परिणाम आहे, घाबरू नका. (गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट संडास झाली तर मात्र ते आतून रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा लगेच दाखवा.) गोळी उपाशीपोटी उत्तम शोषली जाते, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन, रात्री झोपताना घ्या. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटालाही त्रास कमी होतो, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. असा बदल डॉक्टरांना विचारून करता येतो. सरकारी केंद्रात गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती स्वस्त आहे म्हणून हलकी नव्हे. मेडिकलमधल्या महागड्या टॉनिकच्या बाटलीवर लोहाचं प्रमाण वाचून बघा, अनेकदा या गोळीपेक्षा कमीच भरेल.

गोळी लागू पडली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण 1 ते 2 नी चढतं. 12 झालं की लोक गोळ्या सोडतात, आणि इथेच घोटाळा होतो. शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. नाहीतर पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

पण रक्त कमी झालंच कशामुळे, हे कसं कळणार?

गोळ्या लिहून देणं सोपं आहे, खरं काम हे आहे. बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पाळीत अंगावरून जास्त जाणं. किती म्हणजे जास्त? पाळी सात दिवसांपेक्षा लांबते, तास-दोन तासांत पॅड भिजतं, गाठी पडतात, रात्री उठून कपडा बदलावा लागतो. "आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं" हे उत्तर नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या गाठी निघू शकतात, थायरॉइडचा दोष निघू शकतो. उपाय गोळ्यांपासून गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनापर्यंत अनेक आहेत. पिशवी काढणं हा त्यातला शेवटचा उपाय असतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याची चौकशी करायला 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. "अंगावरून जातं, काढून टाका" असा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं, तर कुठून तरी रक्त जात असेल असं धरूनच शोध घ्यायला हवा. मूळव्याध, जठरातला अल्सर, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि काही वेळा आतड्याचा कर्करोग. साठीतल्या बाबांचं हिमोग्लोबिन 14 वरून 10 झालं आणि त्यांना नुसतं टॉनिक आणून दिलं, तर मोलाचे महिने हातचे जातात. दुर्बिणीची तपासणी नको वाटते, पण अशा वेळी ती टाळू नये.

शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना पायाच्या कातडीतून अंकुशकृमींची लागण होते. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यासाठी अल्बेंडाझोलची गोळी असते, आणि पायात चप्पल.

हिमोग्लोबिन 12.5 आहे, तरी थकवा. म्हणजे लोह ठीक आहे ना?

तसंच काही नाही. आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. फेरिटिन साठा दाखवतं. ते 15 च्या खाली असेल तर साठा संपल्यात जमा आहे. थकवा असेल तर बरेच डॉक्टर 30 च्या खालीही उपचार करतात. अंगात कुठे संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून ताप असताना ही तपासणी करू नये.

तीन महिने लोह घेतलं, रक्त वाढलंच नाही.

गोळ्या खरंच रोज घेतल्या का, चहासोबत घेतल्या का, रक्त अजून जात आहे का, हे आधी बघा. ते ठीक असेल तर हिमोग्लोबिनचा जन्मजात दोष असू शकतो. थॅलेसिमिया मायनरमध्ये तांबड्या पेशी फार लहान असतात, पण त्यांची संख्या भरपूर असते. सीबीसीच्या कागदावरच तो सुगावा लागतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत याचे वाहक (दोष अंगात असूनही सहसा त्रास नसलेले) जास्त आढळतात, पण ते कुठल्याही घरात असू शकतात. अशांना लोहाची कमतरता नसताना लोह देत राहणं चुकीचं आहे.

नंदुरबारच्या पट्ट्यात, गडचिरोलीत आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो जन्मजात आजार) लक्षात ठेवायला हवा. नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो. आजार असलेल्याला मात्र थकव्यासोबत हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात. रक्ताची साधी चाचणी सरकारी दवाखान्यात होते. लग्नाआधी ती करून घेतलेली बरी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आम्ही शुद्ध शाकाहारी. बी-12 कमी म्हणून मांस खावं लागेल का?

नाही. दूध, दही, ताक, पनीर यांत बी-12 असतं, फक्त ते पुरेसं पोटात जात नाही. चहातल्या दोन चमचे दुधानं भागत नाही. कमतरता ठरली की गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यायची, त्यात कमीपणा काही नाही. स्पिरुलिनावर (शेवाळाच्या गोळ्या-पावडरवर) मात्र विसंबू नका, त्यातलं बी-12 माणसाच्या उपयोगाचं नसतं.

साधारण 200 च्या खाली आकडा म्हणजे कमतरता, 200 ते 300 काठावर. थकव्यासोबत तळपायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि झोंबणारी, विसराळूपणा, अंधारात चालताना तोल जाणं असेल तर ही तपासणी लांबवू नका, कारण नसांचं नुकसान फार काळ राहिलं तर पूर्ण भरून येत नाही. मांसाहार करणारेही सुटत नाहीत: मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचं बी-12 उतरतं. आणि नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, नसा मात्र बिघडत राहतात.

ड जीवनसत्त्वाची पुडी घेतली की बरं वाटतं. दर आठवड्याला चालू ठेवू?

नको. 60,000 युनिटची पुडी साधारण आठ आठवडे, आठवड्यातून एक, आणि मग डॉक्टर सांगतील तसं. चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि गंमत म्हणजे थकवाही येतो.

थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी थकवा जात नाही.

गोळी कशी घेता ते बघा. सकाळी अनशापोटी, पाण्यासोबत. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. अनेक घरांत या सगळ्या गोळ्या एकाच डबीतून एकाच घोटात जातात, आणि टीएसएच काही खाली येत नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी सांगा, त्यानं आकडे चुकतात.

टीएसएच 5 किंवा 6 आणि टी-4 (थायरॉइडचा हार्मोन) व्यवस्थित असेल, तर थकव्याचं सगळं खापर थायरॉइडवर फोडू नका. इतक्या किरकोळ वाढीत गोळी देऊन थकवा जातोच असं नाही. टीएसएच ठीक झालं तरी थकवा उरला, तर बहुधा दुसरं कारण सोबतीला आहे. लोह आणि थायरॉइड, मधुमेह आणि बी-12 या जोड्या नेहमी सापडतात.

साखर वाढल्यानं थकवा येतो का?

येतो. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं आणि जेवणानंतरची ग्लानी सोबत असेल तर संशय पक्का. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.5 टक्के किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदाही तसंच आलं, तर मधुमेह. लोह कमी असेल तर एचबीए1सी खोटं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून दोन्ही कागद एकत्र दाखवा.

एक सलाईन लावलं की ताकद येते. दर महिन्याला लावून घ्यायला काय हरकत आहे?

हिशोब करू. 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे साधारण 85 ते 100 कॅलरी, एका भाकरीएवढ्याही नाहीत. खारं सलाईन असेल तर त्यात साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल किंवा तोंडानं काही जात नसेल तर तेच सलाईन जीव वाचवतं. पण थकव्यावर त्याचा उपयोग नाही. तासभर पडून राहायला मिळतं, कुणी तरी लक्ष देतं, पिवळं जीवनसत्त्व मिसळलेली बाटली औषधी दिसते, त्यामुळे बरं वाटतं. सोबत कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं तर दोन दिवस हुशारी वाटते आणि पुढे साखर-रक्तदाब बिघडतात. काय टोचलं ते चिठ्ठीवर लिहून मागा. लिहून द्यायला नकार आला तर दवाखाना बदला.

आठ तास झोपतो, तरी सकाळी डोकं जड असतं.

घरच्यांना विचारा: घोरता का, घोरता घोरता श्वास थांबून एकदम दचकता का? झोपेत श्वास अडणाऱ्यांची झोप रात्रभर तुटत राहते आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. लठ्ठपणा, जाड मान, न आवरणारा रक्तदाब, गाडी चालवताना लागणारी डुलकी ही जोडीची लक्षणं. झोपेची चाचणी आता घरीही करता येते. वजन उतरवणं आणि गरजेप्रमाणे रात्री हवेच्या दाबाचं यंत्र लावणं, हे उपाय. मोठ्यानं घोरणं म्हणजे गाढ झोप, हा गैरसमज ड्रायव्हरकी करणाऱ्यांना तर फार महागात पडतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणतात "टेन्शन घेऊ नका". म्हणजे मी नाटक करते का?

नाही. नैराश्यात रडू यायलाच हवं असं नाही. पुष्कळांना आधी जाणवतो तो थकवा, अंगदुखी आणि पहाटे तीन-चारला उघडणारे डोळे. आवडीच्या गोष्टीत रस वाटेना, दोन आठवडे जवळजवळ रोज असंच चाललंय, तर त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा किंवा जवळच्या माणसाला सांगा.

यात एक साधी गोष्टही बघायला हवी. पहाटे पाचला डबे, दिवसभर नोकरी किंवा शेत, रात्री सगळ्यांचं उरकून उरलेलं जेवण, त्यात उपास. ताटात पातळ वरण आणि भात, डाळ नावापुरती. या बाईला आजार नसेलही; तिला पोटभर डाळ-उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, आणि घरातली कामं वाटून घेणारी माणसं हवी आहेत. हे चिठ्ठीवर लिहून देता येत नाही, पण घरच्यांना समोर बसवून सांगता येतं.

डेंग्यू होऊन महिना झाला, अजून उभं राहवत नाही.

डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइड, कावीळ, कोविड यांच्यानंतर काही आठवडे असं राहू शकतं. एकदम जोर करू नका. आज थोडं चाललात आणि उद्या त्रास झाला नाही, तर परवा थोडं वाढवा. थोड्याशा कामानं दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागत असेल आणि हे सहा महिने चाललं असेल, तर तो वेगळा, दीर्घ थकव्याचा विकार असू शकतो. त्यात "व्यायाम करा, सुटेल" हा सल्ला उलटतो.

संध्याकाळी कसकस वाटते, वजन उतरलंय.

क्षयरोगाची तपासणी करा, खोकला असो वा नसो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर नक्कीच. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते).

चालू असलेल्या औषधांनी थकवा येऊ शकतो का?

हो, आणि हे विचारायचंच राहून जातं. सर्दी-खाजेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेची औषधं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी वयस्कर माणसांचं सोडियम उतरतं आणि ती गळून जातात. स्वतःहून बंद मात्र करू नका.

त्यापेक्षा फुल बॉडी चेकअप करून टाकलं तर?

"नॉर्मल" रेषा अशी आखलेली असते की शंभरातल्या पाच निरोगी माणसांचा आकडाही तिच्याबाहेर पडतो. अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा लाल येण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या वर जाते. मग त्या लाल आकड्यामागे धावपळ. त्यापेक्षा डॉक्टरांसमोर वीस मिनिटं नीट बोला.

कधी रात्रीच्या रात्री दवाखाना गाठावा?

थकव्यासोबत छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, दरदरून घाम, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, रक्ताची उलटी, काळी चिकट संडास किंवा बोलण्यात अचानक गोंधळ, यांतलं काहीही असेल तर. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अचानक आलेला, आधी कधीच न जाणवलेला गळाठा आणि धाप एवढंच लक्षण असू शकतं. अशा वेळी 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका आणि आधी अॅसिडिटीची गोळी देऊन बघू असं म्हणत बसू नका.